माळेतला रुपया : खोट्या नाण्यांची पारख

खोटी नाणी दोन हेतूंनी पाडली जातात. पहिला हेतू बाजारात खपवण्याचा. अशा नाण्याला फार देखणे असण्याची गरज नसते. दिवेलागणीच्या गर्दीत, भाजीच्या पाटीपाशी, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ते क्षणभर खरे वाटले की बनवणाऱ्याचे काम झाले. दुसरा हेतू संग्राहकाला विकण्याचा. हे नाणे शांतपणे, भिंगाखाली, उलटसुलट करून पाहिले जाणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून मेहनतही त्या बेताने घेतलेली असते. हे दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी, कधी कधी तर एकाच दोऱ्यात ओवलेले सापडतात, असा मुलूख म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा महागाव तालुका.

पुसद, महागाव, उमरखेड या पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत. तांड्यातल्या जुन्या पिढीच्या बायकांच्या अंगावर चांदीच्या दागिन्यांसोबत नाणीही असत. रुपये, अधेल्या, पावल्या, चवल्या यांना वरच्या बाजूला चांदीचे नाके डाखून त्यांच्या माळा केलेल्या असत. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे या माळा येत गेल्या. एखाद्या लग्नाच्या किंवा दवाखान्याच्या खर्चाला त्यातले दोन-चार रुपये मोडावे लागले, की माळ तालुक्याच्या गावी सराफाकडे येते. जुन्या नाण्यांची पारख करणाऱ्याचे खरे शिक्षण या माळांवरच होते. एका माळेत तीस-चाळीस नाणी, त्यांवर तीन-चार राजवटींचे छाप, आणि त्यांत एक-दोन खोटी. पुस्तकातली नाणी स्वच्छ आणि एकएकटी असतात. माळेतली नाणी झिजलेली, काळवंडलेली, घामाने आणि तेलाने माखलेली असतात. त्यांच्यातून खोटे ओळखता आले तर इतर ठिकाणचे ओळखणे सोपे जाते.

या भागात चांदीचा रुपया इतका का साठला, याला इतिहास आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेत पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. कापसाच्या मोबदल्यात चांदी आली. गावागावांत बँका नव्हत्या. शिल्लक पडलेला रुपया जमिनीत पुरायचा किंवा अंगावर घालायचा, हेच दोन मार्ग. अंगावरचा रुपया डोळ्यांसमोर राहतो, त्यामुळे तोच मार्ग बायकांना जास्त भरवशाचा वाटला असणार. खोटा रुपयाही याच वाटेने माळेत आला. बाजारात वाण्याने परत केलेला रुपया नाके डाखून माळेत घातला की त्याची पुन्हा परीक्षा होत नाही. तिथे त्याला कोणी मोडत नाही, वाजवून बघत नाही. म्हणून माळेतली खोटी नाणी बहुधा संग्राहकाला फसवण्यासाठी बनवलेली नसतात. ती त्या त्या काळची बाजारातली खोटी नाणी असतात.

पारख खऱ्यापासून सुरू करावी लागते. खरे नाणे कसे असते हे पक्के माहीत नसेल तर खोट्याच्या हजार खुणा पाठ करून उपयोग नाही. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या हिंदुस्थानासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा. त्यामुळे रुपया हे नाणे होते तसेच वजनही होते, आणि 'रुपयाभार' हा शब्द मराठीत त्यातूनच रुळला. एका तोळ्यात ९६ गुंजा. जुन्या सोनारांना रुपयातली एका-दोन गुंजांची तूट काट्यावर सहज दिसत असे. अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२ आणि चवली १.४६ ग्रॅम. हे चार आकडे ज्याला पाठ आहेत त्याची अर्धी फसवणूक तिथेच टळते.

वजन करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. खरे नाणे झिजते. १९०६ च्या नाणे कायद्याने शेकडा दोनपर्यंतची झीज चालवून घेतली होती, म्हणजे ११.४३ ग्रॅमपर्यंत उतरलेला रुपया कायदेशीर देण्याघेण्यात चालत असे. माळेतले रुपये पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर घासलेले असतात, ते त्याहूनही खाली उतरतात. दुसरी गोष्ट उलट दिशेची. नाके आणि डाख यांचे वजन रुपयात मिळते, त्यामुळे माळेतला अस्सल रुपया १२ ग्रॅमच्या पुढेही जाऊ शकतो. नवख्याची गफलत इथे होते. जास्त भरलेले नाणे तो खोटे ठरवतो, आणि नाके काढल्यावर हलका निघणारा खोटा रुपया नाक्यासकट ११.६६ भरला म्हणून खरा मानतो. म्हणून झीज किती दिसते आणि वजन किती भरते, यांचा मेळ पाहावा. व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाची नक्षी पार पुसलेली आहे आणि वजन मात्र टांकसाळीतून आल्यासारखे पुरेपूर आहे, असे नाणे बाजूला काढून ठेवावे.

महागावच्या पारख्याला आणखी एक अडचण येते, ती नदीने निर्माण केलेली आहे. पूस नदी याच तालुक्यातून पैनगंगेकडे जाते, आणि पैनगंगेपलीकडे माहूर, किनवट, हदगाव हा निजामाच्या राज्याचा भाग होता. तिथे निजामाचा स्वतःचा हाली सिक्का चालत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा यंत्रावर पाडलेला चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा इंग्रजी रुपये, असा हिशेब. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी होत्या, माहूरच्या रेणुकेची यात्रा होती, त्यामुळे दोन्ही रुपये एकाच माळेत येणे स्वाभाविक होते. इंग्रजी रुपयाच्या मापाने तोलले तर हाली रुपया हलका भरतो, कसालाही कमी उतरतो. तो खोटा नाही. त्याचे माप वेगळे आहे, इतकेच. अशा कितीतरी अस्सल हाली रुपयांना 'हिणकस' म्हणून मुशीत जावे लागले असेल. खोटे ओळखण्याइतकेच खऱ्याला खोटे न ठरवणेही या कामात महत्त्वाचे आहे.

वजनानंतर आवाज. खरा रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टोकला की लांब, स्वच्छ निनाद देतो. कथील किंवा शिशाचा रुपया बद्द वाजतो. ही परीक्षा जुनी आणि चांगली, पण माळेतल्या नाण्याला ती लावता येत नाही. डाखेमुळे अस्सल नाण्याचाही आवाज मरतो. बारीक तडा गेलेले खरे नाणेही बद्दच वाजते. म्हणून आवाजाला साक्षीदार मानावे, निवाडा त्याच्या एकट्याच्या भरवशावर करू नये. दगडी फरशीवर आपटून तर कधीच पाहू नये. त्या आपटण्याने चांगल्या नाण्याची कड चेपते आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत उतरते.

लोहचुंबक सगळ्यांना आवडतो, कारण तो झटकन उत्तर देतो. चांदी, तांबे, सोने, पितळ यांना चुंबक ओढत नाही. 'चांदीचा' रुपया चुंबकाला चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की. पण १९४७ चा रुपया निकेलचा आहे, स्वातंत्र्यानंतर १९५० साली आलेला रुपयाही निकेलचा, आणि निकेल चुंबकाला चिकटते. ही नाणी चिकटायलाच हवीत. शिवाय खोट्या रुपयात बहुधा लोखंड नसतेच. कथील, शिसे, जर्मन सिल्व्हर यांपैकी कशालाच चुंबक ओढत नाही. चुंबकाने फक्त ढोबळ लबाडी सापडते.

सर्वांत जास्त सांगते ती नाण्याची कड, आणि लोक सर्वांत कमी तिच्याकडेच पाहतात. छापाची बाजू कोरणाऱ्याने जीव ओतून केलेली असते, पण कडेला तो कंटाळलेला असतो. टांकसाळीतल्या रुपयाचे कंगोरे एकसारखे, सरळ आणि सर्वत्र सारख्या खोलीचे असतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेवर दोन अर्धसाच्यांचा जोड येतो. तो कानशीने घासून टाकला तरी तेवढ्या भागातले कंगोरे पुसट होतात, कधी पुन्हा हाताने कोरलेले दिसतात आणि तिरके जातात. कडेला भोक पाडून आतली चांदी कोरून काढायची आणि पोकळीत शिसे भरायचे, अशीही युक्ती होती. त्या नाण्याचे दोन्ही छाप अस्सल असतात, दोष फक्त कडेवर दिसतो. पुढे सरकारने स्वतःच कडेचा उपयोग करून घेतला. १९४० साली सहाव्या जॉर्जच्या रुपयातली चांदी शेकडा ५० वर आणली गेली. उरलेल्या भागात तांबे, निकेल आणि जस्त. अशा नाण्याची नक्कल सोपी होणार हे उघड होते, म्हणून कडेच्या कंगोऱ्यांच्या मधोमध एक खाच आणि तिच्यात बारीक नक्षी आणली. १९४० नंतरच्या चांदीच्या रुपयाला ही खाच नसेल तर पुढची तपासणी करण्याची गरज उरत नाही.

मग भिंग. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. ठशाने पाडलेल्या नाण्यात धातू दाबाखाली अक्षरांच्या खाचांत शिरलेला असतो, त्यामुळे अक्षरांची मुळे धारदार, आणि अक्षर जिथे पृष्ठभागातून वर उठते तो कोपरा स्वच्छ असतो. ओतलेल्या नाण्यात हाच कोपरा गोलसर, साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखा दिसतो. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे सुईच्या टोकाएवढे खड्डे किंवा फोड असतात. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून मूळ नाण्यापेक्षा नक्कल किंचित लहान भरते. व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजला की ते कळते. आणखी एक खूण फार निर्णायक आहे, पण ती दोन नाणी समोरासमोर असतील तरच दिसते. खऱ्या नाण्यावरचे ओरखडे त्याचे एकट्याचे असतात. राणीच्या गालावरचा तोच ओरखडा, कडेजवळचा तोच चेचा दोन नाण्यांवर सापडला, तर दोन्ही एकाच साच्यातली, किंवा एक दुसऱ्याचा साचा करण्यासाठी वापरलेले. एका विक्रेत्याकडे एकाच प्रकारची पाच-सहा 'दुर्मिळ' नाणी एकदम दिसली तर ती एकत्र मांडून पाहायला मागावीत.

एवढे करूनही शंका राहिली तर पाण्याची परीक्षा. बारीक धाग्याने नाणे बांधून, ०.०१ ग्रॅमपर्यंत तोलणाऱ्या काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून, नाणे तळाला न टेकवता पाण्यात बुडवायचे. काट्यावर जेवढे वजन वाढते तेवढे पाणी नाण्याने बाजूला सारले. ११.६० ग्रॅमचा अस्सल राणीछाप रुपया साधारण १.१२ ग्रॅम पाणी सारतो, म्हणजे त्याची घनता १०.३ च्या पुढे येते. त्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा रुपया सुमारे १.३५ ग्रॅम पाणी सारतो, घनता ८.६ च्या आसपास. फरक इतका ठळक आहे की हिशेबात चुकायला जागा नाही. ही परीक्षा नाण्याला इजा करत नाही, तेजाब लागत नाही, घासावे लागत नाही. माळेतल्या नाण्याला मात्र नाके काढल्याशिवाय तीही नेमकी लागू होत नाही. शिसे आणि कथील यांचे मिश्रण योग्य प्रमाणात केले तर घनता चांदीइतकी जुळवता येते, हेही ध्यानात ठेवावे. पण ते मिश्रण मऊ असते, नखाजोगते, आणि बद्द वाजते. एका परीक्षेला उतरलेले खोटे नाणे दुसरीत सापडते. एकावर कधीच थांबू नये.

सराफी पेढ्यांवर आता क्ष-किरणांनी कस सांगणारे यंत्र आले आहे. ते उपयोगी आहे, पण ते वरचा पातळ थरच पाहते. जाड मुलाम्याच्या नाण्याला ते चांदी म्हणेल. जुना सराफ नाणे सुलाखून पाही, म्हणजे टोच्याने खोल खूण करून आतला धातू बघे. 'सुलाखून निघणे' हा शब्दप्रयोग तिथलाच. मुघल आणि मराठी रुपयांवर या सराफांच्या बारीक खुणा नेहमी दिसतात. संग्राहक त्यांना डाग मानतात, पण त्या काळच्या जाणत्या माणसाने आतपर्यंत पाहून पास केल्याची ती खूण आहे. अशा नाण्याकडे तुच्छतेने पाहणे बरोबर नाही.

धातू खरा म्हणून नाणे खरे, असेही नसते. १८९३ पूर्वी कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे, त्यामुळे रुपयाची किंमत त्यातल्या चांदीएवढीच राही. १८९३ साली सरकारने ही मुभा बंद केली. चांदीचा जागतिक भाव उतरत गेला आणि रुपयाचा भाव कृत्रिमरीत्या वर राहिला. आता पुरेपूर चांदी घालून पाडलेल्या खोट्या रुपयातही नफा उरू लागला. असे नाणे काट्याला उतरते, पाण्याला उतरते, कसोटीला उतरते. ते पकडायचे तर छापाचाच आधार घ्यावा लागतो. इथे पाठांतर कामी येते. कंपनीच्या एकरूप रुपयावर १८३५ आणि १८४० हीच दोन साले आहेत. राणीच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे अनेक वर्षे तसेच ठेवले गेले, नंतर एकदम १८७४ येते. म्हणून १८६५ किंवा १८७० सालचा राणीछाप रुपया कोणी आणला तर तो पाहण्याआधीच उत्तर ठरलेले आहे. १८७६ पर्यंत तिच्या नावापुढे 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. साल आणि पदवी यांची जोडी चुकलेली नाणी निघतात, कारण खोटे करणारा पुढची बाजू एका नाण्यावरून आणि मागची दुसऱ्यावरून घेतो.

दुर्मिळ सालांची लबाडी त्याहून बारीक असते. १९११ सालच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा होता की लोकांना तो डुक्कर वाटला. तक्रारी झाल्या, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला. १९१२ च्या रुपयातल्या २ चा १ करून १९११ बनवणाऱ्याला हत्ती बदलता येत नाही. भिंगात आकडा पाहण्याआधी सोंड पाहावी. १९३९ चा रुपया मोठ्या प्रमाणावर वितळला गेल्याने फार दुर्मिळ आहे. तो बनवण्यासाठी १९३८ च्या रुपयातल्या ८ चा ९ करतात. इथे वजन, चांदी, कड, छाप सगळे अस्सल असते, खोटा असतो तो फक्त एक आकडा. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग बाकी नाण्यापेक्षा वेगळा चमकतो, आकड्याची उंची शेजारच्या ३ शी जुळत नाही, किंवा चिकटवलेल्या धातूची रेघ दिसते. असा रुपया केवळ छायाचित्र पाहून घेणे म्हणजे पैसे टाकून देणे आहे.

मराठी संग्राहकाचा जीव जिथे अडकतो ती नाणी शिवकाळाची. तांब्याची शिवराई पुष्कळ पाडली गेली, मराठी मुलखात ती दीर्घकाळ चालत राहिली, आणि आजही साधी शिवराई परवडणाऱ्या किमतीत मिळते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मिळ. तीन ग्रॅमहूनही कमी वजनाचे हे नाणे, आणि अस्सल म्हणून मान्य झालेले नमुने अगदी थोडे. खेडोपाडी 'आजोबांच्या पेटीत सापडलेला होन' म्हणून जे दाखवले जाते ते बहुतेक वेळा रायगडावर किंवा जत्रेत आठवण म्हणून मिळणारे पितळी प्रतीक असते. ते विकणारा प्रतीक म्हणून विकतो, त्यात काही गैर नाही. दोन हात बदलले की मधली माहिती गळून पडते आणि प्रतीक 'होन' होऊन बसते. शिवराईची एक खूण उपयोगी आहे. ती हाताने, घणाच्या ठोक्याने पाडलेली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' यांतली काही अक्षरे चकतीबाहेर गेलेली असतात. सगळी अक्षरे पूर्ण, छाप बरोबर मध्यभागी आणि काठ वाटोळा अशी शिवराई आली की आनंद आवरून कड पाहावी.

जुन्या नाण्यांत विचित्र दिसणारे सगळेच खोटे नसते. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप नहपानाची नाणी, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका नाण्यावर दोन राजांचे छाप पाहून अजाण माणूस त्याला खोटे म्हणेल. त्या दोन छापांतच एका युद्धाचा निकाल कोरलेला आहे. वऱ्हाडात तऱ्हाळ्याला, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात, १९३९ साली सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला आणि वासुदेव विष्णू मिराशी यांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. अशा साठ्यातली नाणी ही तुलनेची खरी मापे आहेत. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, १८६३ पासूनच्या अजब बंगल्यात, जुनी नाणी पाहता येतात, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. विकत घेण्याआधी अस्सल नाणी तासन्‌तास पाहण्याची सवय ज्याला लागली त्याला नाण्यांचा बाज कळतो. तो शब्दांत सांगता येत नाही, पण चुकीचे नाणे समोर आले की डोळा अडखळतो.

जुनाटपणा बनवताही येतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर हा कोरक्या प्राचीन नाण्यांच्या उत्कृष्ट नकला करी, आणि लोखंडाच्या किसासोबत ती नाणी पेटीत घालून घोडागाडीला बांधून फिरवी, म्हणजे ती झिजलेली दिसत. आपल्याकडे शेणात पुरणे, गंधकाचा धूर देणे, आम्लात बुडवणे हे प्रकार चालतात. तांब्यावर खरा हिरवा गंज घट्ट बसलेला असतो. बनवलेला गंज ओल्या फडक्याने पुसला जातो किंवा नखाने पापुद्र्यासारखा निघतो. म्हणूनच नाणी घासून लखलखीत करू नयेत. चिंच, रिठा, राख यांनी घासलेल्या नाण्यावरचा काळाचा थर निघून जातो, आणि त्याबरोबर त्याच्या खरेपणाचा एक पुरावाही.

खेड्यातल्या माणसाला सर्वांत मोठी झळ मात्र या बारीक नकलांची बसत नाही. त्याला लुटतात ती कधीच अस्तित्वात नसलेली नाणी. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ आणा' आणि १८१८ हे साल, असे पितळी किंवा तांब्याचे तुकडे घरोघरी देव्हाऱ्यात आहेत. कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. पूजेला ठेवायला हरकत नाही, पण त्यांना लाखांची किंमत सांगणारा माणूस घरात आला तर सावध व्हावे. 'तांदूळ ओढणारे नाणे' हीही त्याच जातीची थाप. नाण्याजवळ तांदूळ सरकतात, परदेशी शास्त्रज्ञ कोट्यवधी रुपये देतील, फक्त तपासणीचा खर्च आधी भरा. तांदळात आधीच लोखंडाचा कीस घातला की साध्या चुंबकानेही दाणे सरकतात. शेतात नांगरताना सोन्याच्या गिन्न्यांचे भांडे सापडल्याची बतावणी तर जुनीच आहे. आधी एक-दोन खऱ्या गिन्न्या हातात देतात, सराफाकडे दाखवून या म्हणतात. खरी गिन्नी ७.९८ ग्रॅमची, बावीस कॅरटची, ती परीक्षेला उतरतेच. मग आडबाजूला, घाईघाईत, अंधारात भांड्याचा सौदा होतो आणि त्यात सगळे पितळ निघते. नमुना खरा निघाला म्हणजे माल खरा, असा समज करून घेणे हीच तिथली चूक.

मोबाइल आल्यापासून हा व्यवहार उलटा झाला आहे. आता विकत घेण्याच्या मिषाने फसवतात. वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ सालचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखो रुपयांना घेतो, असे सांगून नोंदणी, कर, दलाली अशा नावांनी आधी पैसे उकळतात. नाणे अस्सल असते, खरेदीदार खोटा असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले की जुन्या नाण्यांच्या किंवा नोटांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि आपल्या नावाने असे पैसे घेण्याचा अधिकार तिने कोणाला दिलेला नाही.

खोट्याच्या भीतीने खऱ्याचे काय होते, ते दहा रुपयांच्या नाण्याने दाखवले. २०१६ च्या सुमारास 'दहाची नाणी खोटी आली आहेत' अशी आवई उठली. रुपयाचे चिन्ह असलेले खरे, नसलेले खोटे. दहा रेषांचे खरे, पंधरा रेषांचे खोटे. अनेक ठिकाणी दुकानदार आणि वाहनवाले ही नाणी घेईनासे झाले. रुपयाचे चिन्ह नाण्यावर २०११ मध्ये आले, त्याआधीच्या नाण्यावर ते असणारच कसे? जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दहाच्या नाण्याचे तोपर्यंत १४ नमुने निघाले आहेत आणि सगळे चलनात वैध आहेत. नुकसान रोजंदारीवरच्या माणसाचे झाले. मजुरीत आलेले खरे नाणे त्याच्याकडून कोणी घेईना.

चलनातले खोटे नाणे आणि संग्राहकाला विकलेली नक्कल या दोन प्रकारांत कायदा फरक करतो. चालू चलनातले नाणे खोटे पाडणे, ते खोटे आहे हे माहीत असून खपवणे, किंवा त्यासाठी ठसे जवळ बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या १७८ आणि पुढच्या कलमांखाली गंभीर गुन्हा आहे. शिवराई किंवा होन हे आता चलन नाही, त्यामुळे त्यांची नक्कल खरी म्हणून विकणे हा फसवणुकीचा गुन्हा होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या नाण्याला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. 'शेतात सापडले, कोणाला सांगू नका' असे म्हणून स्वस्तात देऊ केलेले नाणे खोटे असेल तर पैसे जातात, खरे असेल तर कायद्याचा प्रश्न उभा राहतो. दोन्ही बाजूंनी ते नको.

विकत घेताना पावतीवर नाण्याचे पूर्ण वर्णन, साल, टांकसाळ, वजन आणि 'अस्सल नसल्यास परत' ही ओळ लिहून घ्यावी. लिहून द्यायला तयार नसलेल्या विक्रेत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, उठून यावे. घरी वही ठेवावी. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र, कोणाकडून व केव्हा आले, हे त्यात लिहावे. खोटे निघालेले नाणे फेकू नये. वेगळ्या पाकिटात, वर शाईने 'खोटे' लिहून ठेवावे. तसे न लिहिता ठेवले तर संग्राहकामागे घरचे लोक ते खरे समजून विकतात, आणि ते पुन्हा बाजारात फिरू लागते. शिकणाऱ्यासाठी मात्र खोट्या नाण्यांचे ते पाकीट फार मोलाचे असते.

माळेच्या बाबतीत पारख्यासमोर वेगळा प्रश्न असतो. चाळीस रुपयांतले दोन कथलाचे आहेत हे म्हाताऱ्या बाईला सांगणे जड जाते. तिच्या आईने ते खरे समजून जपले, कदाचित त्या आईला कोणीतरी मजुरीत दिले. सांगावे मात्र लागते, स्पष्ट आणि तिच्यासमोर वजन करून, म्हणजे नाणे बदलल्याचा संशय तिच्या मनात राहत नाही. मोडायला आलेल्या नाण्यांत झिजलेले आणि सर्वसाधारण सालाचे आधी मोडावेत, दुर्मिळ साल असेल तर ते वितळण्याआधी तिला दाखवावे आणि चांदीच्या भावापेक्षा त्याला जास्त मोल आहे हे सांगावे. नाके उपटून काढू नयेत, डाख हळू तापवूनच सोडवावी. कथलाचे दोन रुपये मात्र तापवू नयेत, ते चांदीच्या किती तरी आधी वितळतात. ते होते तसे, त्याच जागी, पुन्हा ओवून द्यावेत.